ओरिएंटेशनचा चौथा दिवस

गुरुवारी सकाळी पावणेनऊच्या सुमाराला ती कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, फी परत मिळण्याची शेवटची तारीख कोणती?" एवढंच विचारलं. आवाज शांत होता, डोळे जागरणानं लाल झाले होते. मी आत बोलावलं, बसायला सांगितलं. ती बसली, पण पाठीवरची बॅग काही उतरवली नाही. खुर्चीच्या कडेवर टेकून, आता निघायचंच आहे अशी बसून राहिली.

एमबीएच्या ओरिएंटेशनच्या, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना संस्थेची ओळख करून देण्याच्या, आठवड्याचा समन्वयक म्हणून त्या वेळी मी हजेरीचे तक्तेच तपासत होतो. सोमवारपासूनच्या एकूण एक कार्यक्रमाला तिच्या नावापुढे खूण होती. ज्यांची काळजी करायला हवी अशा मुलांची एक यादी मी बाजूला काढली होती. त्या यादीत तिचं नाव नव्हतं.

हे प्रकरण तिच्या परवानगीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बाकी जसं घडलं तसं.

ती कोण आणि आली कुठून

वय २८. यंत्र अभियांत्रिकीची पदवी, त्यानंतर सहा वर्षं एका कारखान्यात. शेवटची दोन वर्षं शिफ्टची प्रमुख, हाताखाली चाळीसेक माणसं. मशीन बंद पडलं तर कुणाला कुठे हलवायचं, कुठली ऑर्डर आधी काढायची, हे ती उभ्या उभ्या ठरवत असे आणि लोक तिचं ऐकत. नोकरी सोडून, शैक्षणिक कर्ज काढून ती दोन वर्षांच्या निवासी एमबीएला आली होती. परत वर्गात बसायची, परत वसतिगृहात राहायची सवय मोडून सहा वर्षं झाली होती.

अशा प्रौढ विद्यार्थ्यांचं एक वेगळंच असतं. कॉलेजातून थेट आलेल्या मुलांना नव्या जागी काय मिळणार याची उत्सुकता असते. यांना मात्र आपण काय सोडून आलो ते पहिल्याच दिवशी कळतं. पगार गेला, हुद्दा गेला, 'ती अमुक विभागाची' ही ओळख गेली. नवी ओळख अजून मिळालेली नाही. आर्नोल्ड व्हॅन जेनेप या अभ्यासकानं १९०९ साली संस्कारविधींच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या: आधीच्या जगातून तुटणं, मधला उंबरठा आणि नव्या जगात सामावणं. बिझनेस स्कूलचा पहिला आठवडा म्हणजे निव्वळ उंबरठा. त्यावर उभं राहणं कुणालाच सोपं जात नाही, आणि कालपर्यंत चाळीस माणसं सांभाळणाऱ्याला तर फारच जड जातं.

आठवडा कसा बांधला होता

वेळापत्रक मीच केलं होतं, म्हणून ते नीट सांगतो. रोज सकाळी साडेआठ ते रात्री अकरा. सोमवारी नोंदणी, खोलीची किल्ली, ओळखपत्र, तुकड्यांची घोषणा, स्वागताची भाषणं. मंगळवारी आपसात ओळखी करून देणारे खेळ, ग्रंथालय, शैक्षणिक प्रामाणिकपणाच्या नियमांवर सत्र, ज्यांना हिशेबशास्त्राचा गंध नाही त्यांच्यासाठी उजळणीचा वर्ग. बुधवारी क्लबांचा मेळावा, नमुन्यादाखल एका प्रकरणावर (केस, म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या प्रसंगाचा लेखी वृत्तांत) वर्गात चर्चा, अभ्यासगटांची घोषणा, रात्री गटाची पहिली बैठक, त्यानंतर सगळ्या बॅचचा स्नेहमेळावा. गुरुवारी मैदानावर सांघिक खेळ. शुक्रवारी सकाळी दहाला प्लेसमेंट विभागाकडे सीव्हीचा पहिला मसुदा. शनिवारी वर्गप्रतिनिधींची निवडणूक.

एवढी दाटी करण्यामागे कारण आहे, आणि ते चुकीचं नाही. बिझनेस स्कूलमध्ये शिक्षकाइतकंच शेजारी बसलेल्यांकडून शिकायचं असतं. १९१९ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन झालेले वॉलेस डोनम कायदा शिकलेले होते. हार्वर्डच्याच कायद्याच्या विद्यालयात लँगडेल यांनी १८७०पासून रुजवलेली, खटल्यांवरून शिकवायची पद्धत त्यांनी व्यवस्थापनाच्या वर्गात आणली. १९२१ साली तिथं पहिलं लेखी प्रकरण तयार झालं, ते बूट बनवणाऱ्या एका कंपनीचं होतं. आज तिथं पहिल्या वर्षाची तुकडी साधारण ९० जणांची असते आणि सगळे अनिवार्य विषय तीच माणसं एकत्र शिकतात. आमच्याकडे तुकडी लहान, पण तत्त्व तेच. वर्गात माणसांनी तोंड उघडलं नाही तर शिकणंच थांबतं. म्हणून त्यांची भीड लवकर चेपावी यासाठी पहिल्या आठवड्यात शक्य तितक्या लोकांना एकमेकांसमोर आणून उभं करायचं, असा आमचा हिशेब. सोमवारच्या भाषणात मी म्हटलंही होतं, "या आठवड्यात जमेल तितक्या लोकांना भेटा. हेच तुमचं भांडवल."

सोमवार ते बुधवार

तिला खोली मिळाली तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाची. शेजारची खोली रिकामी होती. तिथं राहायला येणाऱ्या मुलीला जुन्या नोकरीतून सुटायला उशीर होत होता आणि ती पुढच्या सोमवारी येणार होती. म्हणजे जिन्याकडून येणारं-जाणारं कुणी तिच्या दारावरून जायचंच नाही. खोल्या वाटताना याचा कुणी विचार केला नव्हता. किल्ल्यांचा हिशेब जमला की आमचं काम संपतं.

मग नावाचं कार्ड. प्रकरणांवर चर्चा होते त्या वर्गात प्रत्येकासमोर घडी घातलेलं जाड कागदाचं कार्ड उभं असतं, त्यावर ठळक अक्षरात नाव. शिक्षक ते वाचून हाक मारतात. तिच्या कार्डावर प्रमाणपत्रावरचं नाव छापलं होतं, लांबलचक, घरीदारी कुणीच न वापरलेलं. शाळेपासून कारखान्यापर्यंत सगळे तिला दोन अक्षरी नावानं ओळखत. बुधवारी नमुन्याच्या चर्चेत शिक्षकांनी त्या छापील नावानं हाक मारली आणि ते आपल्यालाच म्हणताहेत हे तिच्या चटकन लक्षातच आलं नाही. तिनं डावीकडे पाहिलं. मग सगळी तुकडी आपल्याकडे पाहतेय हे कळलं. प्रश्न सोपा होता, उत्तर तिला येत होतं. पण त्या दोन क्षणांत ते निसटलं आणि ती "सॉरी सर" म्हणून गप्प झाली. शिक्षक पुढच्याकडे वळले. तासाचा उरलेला वेळ तिनं खाली मान घालून काढला.

त्याच रात्री साडेनऊला अभ्यासगट बसला. पाचजण: लेखापरीक्षण करून आलेला एक, एक डॉक्टर, सॉफ्टवेअरमधला एक, मार्केटिंगमधली एक आणि ही. लेखापरीक्षणवाल्यानं आल्या आल्या फळ्यावर तक्ता काढला आणि वीस मिनिटांत कामं वाटून टाकली. हिच्या वाट्याला आलं स्लाइड्स नीटनेटक्या करायचं काम. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. त्याला वेग ठाऊक होता, बाकीच्यांना झोप येत होती. हिनं मान डोलावली. नंतर मला सांगताना ती म्हणाली, "सर, मी हो म्हटलं याचंच मला जास्त लागलं."

साडेदहाला स्नेहमेळावा. हजेरी असल्यामुळे तिथंही गेली. साडेअकराला खोलीवर. तोवर फोनवर चौदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले होते आणि प्रत्येकात न वाचलेले निरोप. एक वाजता सीव्हीचा साचा उघडला. आपली सहा वर्षं एका पानात बसवायची. साडेतीनपर्यंत पहिली तीन वर्षंसुद्धा बसेनात.

डायरीचं पान

मी तारीख सांगितली, पुढचा मंगळवार. तिनं बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून एक छोटी डायरी काढली आणि लिहून घेतलं. डायरी कारखान्यातली. शिफ्ट बदलताना पुढच्याला काय काय सांगायचं ते टिपायची सवय, रेघा मारून केलेले रकाने. चालू पानावर नावांची यादी दिसली. मी विचारलं तेव्हा तिनं पान माझ्याकडे वळवलं. सोमवारपासून भेटलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, पुढे तो काय करून आलाय आणि एक बरोबरची खूण. पानाच्या पाठीवरही यादी चालू होती. एकूण एकाहत्तर नावं. तेच माणूस पुन्हा भेटून पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलणं झालं तर दुसरी खूण. दुसरी खूण चार नावांपुढे होती.

मी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिलो. ही मुलगी कुठंही कमी पडली नव्हती. मी सोमवारी जे करायला सांगितलं होतं, ते अक्षरशः केलं होतं तिनं. आणि त्याच्याच शेवटी ती फी परत मागायला आली होती.

पुढचं काही बोलण्याआधी मी झोप, खाणं, तब्येत यांची चौकशी केली आणि स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतात का, हेही सरळ विचारलं. तिनं तितकंच सरळ नाही म्हटलं. तरीही समुपदेशकांची शुक्रवारची वेळ घेऊन दिली. हा प्रश्न अशा वेळी विचारलाच पाहिजे. विचारल्यानं विचार मनात भरतो ही भीती चुकीची आहे.

समोर असलेले रस्ते

तिच्यापुढे काय होतं? मंगळवारच्या आत नाव काढून घेणं, फीचा मोठा भाग परत. अभ्यासगट बदलून मागणं, पण नियमाप्रमाणे सत्राच्या मध्यापर्यंत गट बदलता येत नाही. नाहीतर चाललंय तसं रेटत राहणं.

माझ्यापुढचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे धीराचे चार शब्द. 'तू निवडली गेलीस, तुझ्यात गुण आहेत, सगळं ठीक होईल.' तिनं मान डोलावली असती, जशी गटात डोलावली तशीच, आणि मंगळवारी अर्ज आणून दिला असता. गटासाठी नियम वाकवणंही मला शक्य होतं. पण दुसऱ्या गटातही ती पाच अनोळखी माणसांतली पाचवी असती, आणि 'गट बदलून आलेली' हे वर चिकटलं असतं.

मला तिच्यासमोर आकडे मांडावेसे वाटले, कारण ती आकड्यांवर विश्वास ठेवणारी होती. आधी मेळाव्याबद्दल सांगितलं. कोलंबिया बिझनेस स्कूलमधल्या पॉल इन्ग्रॅम आणि मायकल मॉरिस यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास शंभर अनुभवी व्यावसायिकांना एका संध्याकाळच्या मेळाव्याला बोलावलं आणि प्रत्येकाला इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावायला दिला. कोण कुणाजवळ किती वेळ उभं राहिलं, ते त्यातून कळत होतं. नवीन ओळखी करायच्या आहेत, असं बहुतेकांनी आधी सांगितलं होतं. प्रत्यक्षात पावलं वळली ती आधीपासून ओळख असलेल्यांकडे. मोकळ्या दालनात सोडलेली माणसं मिसळत नाहीत. ज्याचं आधीच कुणी आहे तो त्याच्याजवळ जातो आणि ज्याचं कुणी नाही तो हातातल्या ग्लासकडे पाहत उभा राहतो. बुधवारी रात्री तिला जे वाटलं ते तिच्या स्वभावातून आलेलं नव्हतं. तो प्रसंगच तसा घडवलेला होता, आणि घडवणारा मी होतो.

मग तासांचा हिशेब. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८च्या अभ्यासात, नव्या ठिकाणी राहायला गेलेल्यांना आणि विद्यापीठात पहिल्या वर्षाला आलेल्यांना विचारून एक अंदाज बांधला: नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले साधारण ५० तास लागतात, मैत्री व्हायला ९०च्या आसपास, आणि जिवाभावाचं कुणी व्हायला २००हून जास्त. मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं बॅग उतरवली, पेन काढलं आणि स्वतःच मांडायला घेतलं. अभ्यासगट रोज दोन तास, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे दहा तास. पन्नास व्हायला पाच आठवडे. चार दिवसांत कुठल्याही एका माणसाबरोबर तिचे तीन तासही झाले नव्हते.

"म्हणजे आज एकटं वाटणं हे बरोबरच आहे," ती म्हणाली.

"बरोबरच आहे."

आणि मग तिनं विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. "सर, पाच आठवडे लागणार असतील, तर मंगळवारच्या आत मी कसं ठरवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फी परत मिळण्याची तारीख प्रशासनानं ठरवली होती, रिकाम्या जागा प्रतीक्षा यादीतून वेळेत भरता याव्यात म्हणून. संस्थेच्या बाजूनं ती रास्तही होती. पण विद्यार्थ्याच्या बाजूनं पाहिलं तर आम्ही त्याला ऐन उंबरठ्यावर उभं करून विचारत होतो, आत यायचंय की परत जायचंय? इतकी वर्षं ही तारीख छापत आलो, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

काय केलं

त्याच दुपारी मी प्रशासनाकडे गेलो. तिच्यापुरती मुदत तीन आठवड्यांनी वाढवून मागितली आणि ती लेखी मिळवली. सहज मिळाली नाही. 'एकीला दिली तर सगळे मागतील' हे ऐकावं लागलं. तो कागद तिच्या हातात दिला तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. माझं सगळं बोलणं एका बाजूला आणि तो एक कागद एका बाजूला, असं मला वाटतं.

गुरुवारच्या सांघिक खेळांतून आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्रीच्या कार्यक्रमांतून तिला मोकळं केलं. गुरुवारी ती दुपारी दोनला झोपली आणि संध्याकाळी सातला उठली.

कार्डाचं तिनं स्वतःच केलं. माझ्या टेबलावरचा मार्कर घेतला, कार्ड उलटं घडी घातलं आणि कोऱ्या बाजूला आपलं दोन अक्षरी नाव मोठं करून लिहिलं. पहिलं अक्षर जरा तिरकं गेलं. नवीन कार्ड देतो म्हटलं, तर "राहू दे सर, माझंच अक्षर आहे" म्हणाली.

माणसांच्या बाबतीत एकच ठरवलं: नवीन कुणाला भेटायचं नाही. डायरीतल्या ज्या चार नावांपुढे दोन खुणा होत्या, त्यातल्या एकाशी रोज भेट व्हावी अशी एक जागा आणि एक वेळ शोधायची. तिनं निवडली मेसची सकाळी साडेसातची वेळ, खिडकीकडचं टेबल. त्या वेळी तिथं फारसं कुणी नसे. तिच्या गटातला डॉक्टर मात्र असे, रुग्णालयातल्या ड्यूटीमुळे लवकर उठायची सवय. पहिल्या दिवशी दोघं आपापल्या ताटाकडे पाहत बसले. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "हे अर्धवट तयार मालाचं प्रकरण काय असतं? उजळणीच्या वर्गात काही कळलं नाही." हिनं सहा वर्षं तो माल रोज डोळ्यांनी पाहिला होता. तिनं ताट बाजूला सारून रुमालाच्या कागदावर काढून दाखवलं: कच्चा माल इथं, हा मशीनवर चढलेला, हा तयार, आणि महिनाअखेरीला ताळेबंद करताना मधल्याची किंमत कशी धरायची. डेबिट-क्रेडिट दोघांनाही येत नव्हतं, ते दोघांनी मिळून पाठ केलं.

जागा ठरलेली असावी असा आग्रह मी का धरला, ते सांगतो. जर्मनीत मित्या बाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पहिल्या वर्षाच्या ५४ विद्यार्थ्यांना अगदी पहिल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून बसायच्या जागा दिल्या. वर्षभरानंतर विचारलं, तर त्या एका दिवसापुरत्या शेजारी किंवा एकाच रांगेत बसलेल्यांची एकमेकांशी मैत्री इतरांपेक्षा जास्त जमलेली होती. निव्वळ चिठ्ठीनं दिलेली जागा! त्याच्याही कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत शिकायला आलेल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वेस्टगेट वसाहतीत लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी हेच पाहिलं होतं; त्यांचा अभ्यास १९५०चा. शेजारच्या दारी राहणाऱ्याशी मैत्री असण्याचं प्रमाण ४१ टक्के, त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याशी १० टक्के. आणि आम्ही हिला मजल्याच्या टोकाला, रिकाम्या खोलीशेजारी ठेवलं होतं.

दुसऱ्या वर्षातल्या दोघांना मी शुक्रवारी तिच्याशी बोलायला सांगितलं. अट एकच: स्वतःचा पहिला महिना जसा गेला तसा सांगायचा, नंतर मिळालेल्या यशाबद्दल एक शब्द नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा २०११चा प्रयोग माझ्या मनात होता. त्यात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना, सुरुवातीला परकं वाटणं सर्वांच्याच वाट्याला येतं आणि काळानं ते कमी होतं, असे वरच्या वर्गांतल्यांचे अनुभव वाचायला दिले आणि त्याबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितलं. तासाभराचं काम. पण त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं चढत गेले. आपण इथले नाही असं वाटायला ज्यांना आधीच कारणं असतात, त्यांना हे ऐकण्याची गरज सगळ्यात जास्त असते. आमच्या त्या दोघांतल्या एकीनं हिला सांगितलं की पहिले दोन आठवडे ती रोज रात्री जुन्या ऑफिसचा ईमेल चालतोय का, ते उघडून पाहत होती. हिनं ते वाक्य डायरीत लिहून घेतलं.

पुढे काय झालं

गट लगेच सुधारला नाही. शनिवारी तिनं सांगितलं की स्लाइड्सचं काम पाळीपाळीनं करू. लेखापरीक्षणवाला "हो" म्हणाला आणि सोमवारी पुन्हा त्यानंच खडू हातात घेतला. दोन-तीनदा शब्दाला शब्द लागला. सत्राच्या मध्याला कुठं कामाची वाटणी बरोबरीनं व्हायला लागली. एकदा तो मला म्हणाला, "सर, ती पहिल्या दिवशी काहीच बोलली नाही, मला वाटलं तिला आमच्यात रसच नाही." हिला वाटत होतं, आपण त्यांना नको आहोत. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं होतं की पहिल्या संभाषणानंतर समोरच्याला आपण जितके आवडलो असं माणसाला वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलेलो असतो, आणि एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांत हा गैरसमज कित्येक महिने टिकतो. त्या दोघांची घट्ट मैत्री कधीच झाली नाही. एकमेकांबरोबर काम करता यायला लागलं, तेवढं पुरलं.

शेजारची मुलगी सोमवारी आली. संध्याकाळी दोन्ही दारं उघडी असायची.

तिसऱ्या आठवड्यात तिनं वर्गात पहिल्यांदा आपणहून हात वर केला. उत्तर चुकलं. शिक्षकांनी का चुकलं ते विचारलं, मागच्या रांगेतून डॉक्टरनं दुरुस्त केलं, चर्चा पुढे गेली. हे मला शिक्षकांकडून कळलं. तिनं सांगितलं नाही, म्हणजे तिला ते सांगण्याजोगं वाटलं नसावं. मला त्याचाच जास्त आनंद झाला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी तिचा ईमेल आला: "सर, तारखेची आता गरज नाही."

ओरिएंटेशनच्या त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या तुकडीतला एक विद्यार्थी पुढच्याच सोमवारी सकाळी खोलीची किल्ली देऊन निघून गेला. प्रत्येक मेळाव्यात तो पुढे असे, हसवणारा, सगळ्यांना नावानं हाक मारणारा. हजेरी पूर्ण. आम्ही त्याला दुसऱ्यांना सामावून घेणारा म्हणून उदाहरणादाखल सांगत होतो. तो माझ्या कार्यालयात आलाच नाही, आणि मीही त्याच्याकडे गेलो नाही, कारण तक्ता पाहून त्याची काळजी करावी असं काही दिसत नव्हतं. निघताना कारणाच्या रकान्यात त्यानं 'वैयक्तिक' लिहिलं. तिनं निदान तारीख विचारायला यायचं ठरवलं म्हणून हे प्रकरण लिहिता आलं. त्याचं लिहायला माझ्याकडे काही नाही, आणि ते मनातून जात नाही.

पुढच्या वर्षी वेळापत्रक बदललं. अभ्यासगट सोमवारीच जाहीर केले आणि त्यांना पहिलं काम असं दिलं की ज्याला गुण नाहीत. वर्गातल्या जागा पहिल्या दिवसापासून ठरवून टाकल्या. नोंदणीच्या अर्जात 'तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारायची?' हा रकाना आला, कार्डं त्यावरून छापली. उशिरा येणाऱ्यांच्या खोल्या टोकाला सलग येणार नाहीत असं पाहिलं. तीन संध्याकाळी रात्री आठनंतर काहीही ठेवलं नाही आणि स्नेहमेळाव्याची हजेरी बंद केली. यावर एका सहकाऱ्याचा आक्षेप होता: संध्याकाळ मोकळी सोडली तर बुजरी मुलं खोलीतच बसतील. त्यात तथ्य आहे. पहिल्या मोकळ्या संध्याकाळी तसंच झालं. म्हणून दुसऱ्या दिवशी गटाला दिलेलं छोटं काम मुद्दाम असं निवडलं की एकट्यानं खोलीत बसून होणार नाही. मग मेसच्या टेबलांवर रात्री नऊला पाच-पाच जणांचे घोळके दिसायला लागले.

प्लेसमेंट विभागाचा शुक्रवारचा सीव्ही दुसऱ्या आठवड्यात गेला, तेही दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर. फी परत मिळण्याची तारीख मात्र अजून दुसऱ्या मंगळवारीच आहे. ती सगळ्यांसाठीच सहाव्या आठवड्यापर्यंत पुढे न्यावी, प्रतीक्षा यादीतल्यांना कळवायचं वेळापत्रक त्याप्रमाणे कसं बसवता येईल, याचं टिपण मी पहिल्यांदा दिलं तेव्हा 'आर्थिकदृष्ट्या शक्य नाही' असा शेरा मारून परत आलं. दुसऱ्यांदा दिलं तेव्हा उत्तर आलं नाही. या वर्षीचं माहितीपत्रक छपाईला जायचंय. तिसरं टिपण काल दिलं आहे, डायरीच्या त्या पानाची, नावं झाकलेली, प्रत सोबत जोडून.